व्हर्च्युअल कंट्रोलर आणि रोबोचे ऑफलाइन प्रोग्रॅमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफलाइन प्रोग्रॅमिंग (खऱ्या रोबोला हात न लावता त्याचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर लिहिणे) शिकणारे विद्यार्थी, सेल (रोबो आणि त्याच्या भोवतीची साधने असलेली जागा) उभारणारे प्रोग्रॅमर आणि चालू लाइन सांभाळणारे मेंटेनन्सचे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडचणींचे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आधीच आले असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. व्हर्च्युअल कंट्रोलर म्हणजे नेमकं काय? स्क्रीनवर रोबो हलवणारं कुठलंही सिम्युलेशन म्हणजे तेच ना?

नाही. रोबोच्या कॅबिनेटमध्ये चालणारे कंट्रोलर सॉफ्टवेअरच कॉम्प्युटरवर चालवले की त्याला व्हर्च्युअल कंट्रोलर म्हणतात. प्रोग्रॅमच्या ओळी वाचणारा इंटरप्रिटर, मार्ग आखणारा मोशन प्लॅनर, एरर मेसेज आणि पेंडंटचे (रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलचे) मेनू हे सगळे बहुतांशी खऱ्यासारखे वागते. ड्राइव्ह, मोटर आणि एन्कोडर (मोटरची स्थिती मोजणारे सेन्सर) मात्र नसतात. जी हालचाल सांगितली ती मोटरने तंतोतंत केली, असे धरून सॉफ्टवेअर पुढे जाते.

साध्या सिम्युलेशनमध्ये रोबोचे थ्रीडी मॉडेल आणि त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे गणित असते. रोबो कुठवर पोहोचेल हे त्यात बरोबर कळते. पण कोपरा कसा वळेल, वेग कुठे कमी होईल, एखाद्या ओळीवर कंट्रोलर कोणती एरर देईल हे उत्तर उत्पादकाच्या मोशन प्लॅनरकडेच असते. एबीबीने १९९८ मध्ये रोबोस्टुडिओ आणले तेच या कल्पनेवर, आणि आज बहुतेक मोठे उत्पादक ती वापरतात.

थोडक्यात, रोबोचा मेंदू इथे खरा आहे, शरीर आणि भोवतालची जागा मात्र गृहीत धरलेली आहे. या पानावरची निम्म्याहून अधिक उत्तरे या एका फरकातून निघतात.

२. कोणत्या रोबोसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

एबीबीसाठी रोबोस्टुडिओ, फानुकसाठी रोबोगाइड, यास्कावासाठी मोटोसिम ईजी-व्हीआरसी, कावासाकीसाठी के-रोसेट. कुकाचे ऑफिसलाइट हे कंट्रोलरचे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवते आणि थ्रीडी चित्रासाठी त्याला कुका सिमची जोड मिळते. युनिव्हर्सल रोबोट्सचे यूआरसिम मोफत मिळते. स्टॉबलीच्या एसआरएसमध्ये व्हीएएल-३ चा इम्युलेटर असतो. नावे आणि लायसन्सचे प्रकार बदलत राहतात, म्हणून घेण्यापूर्वी आपल्या कंट्रोलरची पिढी त्यात चालते का हे आधी विचारा. रोबोचे मॉडेल यादीत दिसले म्हणून कंट्रोलरची पिढीही चालेलच असे नाही.

३. आमच्याकडे तीन कंपन्यांचे रोबो आहेत. सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये करता येतील का?

येतील, पण त्याची काही किंमत मोजावी लागते. रोबोडीके, व्हिज्युअल कंपोनंट्स, प्रोसेस सिम्युलेट किंवा डेल्मियासारखी सॉफ्टवेअर अनेक ब्रँड हाताळतात. त्यांत मार्ग आखला की पोस्ट प्रोसेसर तो मार्ग त्या त्या रोबोच्या भाषेत, म्हणजे एबीबीच्या रॅपिड, कुकाच्या केआरएल किंवा फानुकच्या टीपी प्रोग्रॅममध्ये उतरवतो. मार्गाचे गणित मात्र मूळ सॉफ्टवेअरचे असते.

ही उणीव वाहन उद्योगाला फार आधी जाणवली होती. युरोपातले वाहन उत्पादक, रोबो उत्पादक आणि सिम्युलेशन कंपन्या यांनी १९९२ मध्ये रिअलिस्टिक रोबोट सिम्युलेशन, म्हणजे आरआरएस, हा प्रकल्प सुरू केला. उत्पादकाने आपले मोशन सॉफ्टवेअर आरसीएस (रोबोट कंट्रोलर सिम्युलेशन) मॉड्यूल म्हणून द्यायचे आणि कुठल्याही सिम्युलेशनने ते ठरलेल्या इंटरफेसमधून वापरायचे, अशी त्याची मांडणी होती. प्रोसेस सिम्युलेटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही मॉड्यूल आजही वापरली जातात.

मला पटणारी पद्धत अशी: मांडणी, पोहोच आणि रोबोंमधली कामाची वाटणी अनेक ब्रँडच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. तयार प्रोग्रॅम सेलवर नेण्याआधी त्या त्या उत्पादकाच्या व्हर्च्युअल कंट्रोलरवर एकदा पूर्ण चालवा. पोस्ट प्रोसेसरच्या चुका तिथेच पकडल्या जातात.

४. नवीन प्रोजेक्ट उघडला की यादीतून रोबो निवडून सुरुवात करू का?

खरा रोबो अजून आलाच नसेल तर दुसरा मार्ग नाही. रोबो समोर असेल तर मात्र कधीही यादीतून सुरुवात करू नका. त्याचा पूर्ण बॅकअप घ्या आणि त्या बॅकअपवरून व्हर्च्युअल कंट्रोलर तयार करा. रोबोस्टुडिओ, रोबोगाइड आणि मोटोसिम तिन्हींत ही सोय आहे.

याने काय मिळते? सॉफ्टवेअरचे व्हर्जन, विकत घेतलेले ऑप्शन, टूल, फ्रेम (पॉइंट जिच्यावरून मोजायचे ती निर्देशांकांची चौकट), अक्षांच्या बदललेल्या मर्यादा, आयओची (इनपुट-आउटपुट सिग्नलची) नावे, आणि कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले होम पोझिशनचे आणि ग्रिपरचे प्रोग्रॅम. हे सगळे हाताने पुन्हा भरताना एखादी गोष्ट सुटतेच, आणि सुटलेली गोष्ट नेमकी लाइन सुरू करायच्या दिवशी समोर येते. अक्षांच्या मर्यादांचेच घ्या. ड्रेस पॅकची (हातावरून नेलेल्या केबल-होजच्या गुच्छाची) केबल पिळू नये म्हणून कुणी सहाव्या अक्षाची मर्यादा कमी केलेली असते. यादीतल्या रोबोवर ती मूळ मर्यादेतच राहते आणि तुमचा मार्ग बिनदिक्कत तिच्या पलीकडे जातो.

एबीबीच्या बॅकअपमध्ये बॅकइन्फो, होम, रॅपिड आणि सिसपार हे फोल्डर असतात. चारही आहेत ना, ते बघून घ्या. फानुकवर फक्त टीपी प्रोग्रॅम कॉपी केलेले फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. ‘ऑल ऑफ अबव्ह’ निवडून घेतलेलाच घ्या.

५. व्हर्जन थोडं वेगळं असलं तर चालेल का?

शिकण्यापुरते चालेल. प्रोग्रॅम खऱ्या रोबोवर न्यायचा असेल तर तेच व्हर्जन वापरा. मोठ्या पिढ्यांमध्ये तर पर्यायच नसतो. एबीबीच्या आयआरसी-५ वर रोबोटवेअर ५ आणि ६ चालतात, ऑम्निकोअरवर ७ पासून पुढचे. एकावर लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल दुसऱ्यावर तशीच बसत नाही.

व्हर्जनपेक्षाही अधिक फसवतात ते ऑप्शन. व्हर्च्युअल कंट्रोलरमध्ये मल्टिटास्किंग, वर्ल्ड झोन (रोबोच्या जागेच्या हद्दी पाहणारा ऑप्शन) किंवा एखादे वेल्डिंग पॅकेज एका टिचकीत चालू होते. खऱ्या रोबोवर ते विकत घेतलेले नसेल तर प्रोग्रॅम लोडच होत नाही, किंवा त्या ओळीवर थांबतो. फानुकचे एक ठळक उदाहरण सांगतो. रोबोगाइडमध्ये डॉट एलएस ही टेक्स्ट फाइल सहज लोड होते. खऱ्या कंट्रोलरवर ती लोड करायला आस्की लोडरचा ऑप्शन लागतो. तो नसेल तर रोबोगाइडमधून डॉट टीपी फाइल काढून तीच न्यावी लागते.

६. टूलचं वजन अंदाजे टाकलं तर काय बिघडतं? स्क्रीनवर तर काहीच फरक दिसत नाही.

चित्रात दिसत नाही, पण आत होतो. कंट्रोलर वेगवाढ ठरवताना टूलचे वजन, गुरुत्वकेंद्र आणि जडत्व वापरतो. वजन कमी टाकले तर सायकल टाइम खोटा चांगला दिसतो. वर तीच आकडेवारी खऱ्या रोबोवर गेली की ओव्हरलोडचे अलार्म, टक्कर ओळखण्यातल्या चुका आणि गिअरबॉक्सवर जादा ताण सुरू होतो.

ग्रिपरचे कॅड मॉडेल असेल तर वजन आणि गुरुत्वकेंद्र त्यातून काढा, आणि व्हॉल्व्ह, होज, ब्रॅकेट धरायला विसरू नका. रोबो हाती आल्यावर एबीबीचे लोड आयडेंटिफाय किंवा फानुकचे पेलोड आयडेंटिफिकेशन चालवा आणि आलेले आकडे सिम्युलेशनमध्ये परत भरा. ही ओळख मोटरच्या टॉर्कवरून होते, त्यामुळे व्हर्च्युअल कंट्रोलरवर ती करण्यात अर्थ नाही. जॉब (ज्यावर काम करायचे तो भाग) पकडलेला असताना आणि नसताना अशी दोन वेगळी लोड लागतात, हेही पुष्कळदा राहून जाते.

७. स्क्रीनवर टोक बरोबर जॉबवर टेकतं, प्रत्यक्षात चार-पाच मिलिमीटर बाजूला जातं. सॉफ्टवेअर चुकतंय का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. सॉफ्टवेअर सहसा चुकत नसते.

रोबोच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा पुनरावृत्तीचा असतो. एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा येताना तो किती फरक करतो, हे तो आकडा सांगतो. मध्यम आकाराच्या रोबोत तो साधारण ०.०२ ते ०.१ मिमी असतो. पेंडंटवर पॉइंट टीच केला (रोबो तिथे नेऊन जागा साठवली) की एवढाच आकडा कामाचा, कारण रोबो स्वतःच गाठलेल्या जागी परत येत असतो. ऑफलाइन प्रोग्रॅममध्ये बिंदू गणितातून आलेला असतो. तिथे लागते ती अचूकता, म्हणजे सांगितलेल्या निर्देशांकावर रोबो किती जवळ पोहोचतो ते. आयएसओ ९२८३ या मानकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. प्रत्येक हाताची लांबी मॉडेलपेक्षा किंचित वेगळी असते, सांधे अगदी काटकोनात नसतात, वजनाने हात वाकतो. एबीबीच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅक्युरसी’ या पर्यायाच्या पुस्तिकेतच लिहिले आहे, की आदर्श रोबो आणि खरा रोबो यांत ८ ते १५ मिमी फरक सर्रास असू शकतो. या पर्यायात प्रत्येक रोबो मोजून त्याच्या त्रुटी कंट्रोलरमध्ये भरलेल्या असतात आणि फरक साधारण १ मिमीच्या आसपास येतो. युनिव्हर्सल रोबोट्सच्या प्रत्येक रोबोत कारखान्यातच मोजलेले कॅलिब्रेशन असते. यूआरसिम मात्र आदर्श मापांवर चालते, म्हणून तिथेही दोघांत फरक पडतो.

हा रोबोचा स्वतःचा वाटा झाला. उरलेला वाटा तुमच्या सेलचा असतो, आणि बहुतेक वेळा तोच मोठा निघतो. ड्रॉइंगमध्ये फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) जिथे आहे तिथे ते बसवलेले नसते. पाया ०.१ अंशाने कलला तर दोन मीटर अंतरावर साडेतीन मिमी फरक पडतो. टीसीपी (टूलच्या टोकाचा बिंदू) १ मिमीने चुकला असेल तर टूल १८० अंश फिरवल्यावर तोच फरक २ मिमी होतो.

कारण शोधायला सोपी परीक्षा आहे. सगळे पॉइंट एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर फ्रेम चुकली आहे. टूलची दिशा बदलली की फरकाची दिशाही बदलत असेल तर टीसीपी चुकला आहे. रोबो लांब पोहोचला की फरक वाढत असेल तर बेस कललेला आहे किंवा हात वाकतो आहे. कुठलाच नमुना दिसत नसेल तर मास्टरिंग (प्रत्येक अक्षाचे शून्य निश्चित करणे) तपासा.

८. मग प्रत्येक पॉइंट पुन्हा टीच करावा लागणार का? तसं असेल तर ऑफलाइनचा फायदा काय?

सगळे पॉइंट टच-अप (जागेवर हाताने दुरुस्त) करावे लागत असतील तर फ्रेमचे काम नीट झालेले नाही. योग्य क्रम असा आहे.

आधी मास्टरिंग खुणांवर बरोबर आहे ना ते पाहा. मग टीसीपी काढा. चार-पाच पूर्ण वेगळ्या दिशांतून एकाच टोकाला टेकवा, नुसते मनगट थोडे फिरवून भागत नाही. मग फिक्स्चरवर फ्रेम मोजा. एबीबीत तिला वर्कऑब्जेक्ट म्हणतात, फानुकमध्ये युजर फ्रेम, कुकामध्ये बेस. तेच तीन बिंदू कॅडमध्ये आधी निश्चित केलेले असले पाहिजेत, शक्यतो मशीनिंग केलेले डॉवेल होल किंवा कोपरे. वेल्ड केलेल्या पट्टीची कड त्यासाठी धरू नका.

बिंदूंमधले अंतर मोठे ठेवा. फ्रेमचे बिंदू २०० मिमी अंतरावर असले आणि टेकवताना ०.३ मिमीची चूक झाली, तर दीड मीटर दूरच्या पॉइंटवर ती सव्वादोन मिमी होते. तेच बिंदू जॉबच्या दोन टोकांना घेतले तर चूक ०.३ च्या आसपासच राहते. फिक्स्चर मोठे असेल तर एकाच फ्रेमऐवजी प्रत्येक भागाला जवळची फ्रेम द्या. रोबोची आंतरिक त्रुटी लहान भागात फारशी बदलत नाही, म्हणून तीही या युक्तीने बरीचशी आत सामावते.

मोजलेले आकडे सिम्युलेशनमध्ये परत भरा आणि तिथले फिक्स्चर हलवून त्या जागी आणा. नंतर पोहोच आणि टक्कर पुन्हा तपासा, कारण फिक्स्चर २० मिमी सरकल्यावर आधी मोकळी असलेली जागा मोकळी राहीलच असे नाही. एवढे झाल्यावर स्पॉट वेल्डिंग, पॅलेटायझिंग, सीलर यांसारख्या कामांत बहुतेक पॉइंट तसेच चालतात. पिन होलमध्ये घालण्यासारख्या कामात शेवटचे दोन-चार पॉइंट हातानेच टीच करा. त्यात ऑफलाइनचा पराभव नाही.

९. सायकल टाइमवर किती भरवसा ठेवू? ग्राहकाला आकडा द्यायचा आहे.

निव्वळ हालचालीच्या वेळेवर चांगला भरवसा ठेवा, कारण तो आकडा खऱ्या मोशन प्लॅनरचा आहे. अट एकच, लोड खरे असावे (प्रश्न ६). एकूण सायकलवर मात्र तसा भरवसा ठेवू नका.

फरक येतो तो थांबण्यातून. ग्रिपर बंद होऊन सेन्सर येईपर्यंत ०.४ सेकंद लागत असतील आणि सायकलमध्ये अशी सहा कामे असतील, तर २.४ सेकंद गेले. सिम्युलेशनमध्ये तोच सिग्नल क्षणात येतो. वेल्ड गनचे बंद होणे, पीएलसीचा (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) होकार, दुसऱ्या रोबोने जागा सोडणे यांचेही तसेच. प्रत्येक सिग्नलला खरा विलंब द्या. मोजता येत नसेल तर त्याच प्रकारच्या जुन्या सेलवर जाऊन मोजा.

एक सूक्ष्म गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. झोन (कोपरा गोल घ्यायची मुभा) दिलेल्या हालचालीनंतर लगेच सिग्नलची वाट पाहणारी ओळ असेल, तर सिम्युलेशनमध्ये सिग्नल आधीच आलेला असतो आणि रोबो कोपरा गोल घेऊन निघून जातो. प्रत्यक्षात सिग्नल उशिरा येतो, रोबोला पुढची हालचाल वेळेत कळत नाही, तो कोपऱ्यावर पूर्ण थांबतो आणि एबीबीवर ‘कॉर्नर पाथ फेल्युअर’ लॉगमध्ये दिसू लागते. वेळ तर जातोच, मार्गही बदलतो. विलंब खरे भरले तर हे तुम्हाला आधीच दिसते.

मोजण्याआधी वेगाचे ओव्हरराइड (प्रोग्रॅममधल्या वेगाचे प्रमाण) १०० टक्के आहे का पाहा. घड्याळ कंट्रोलरचे वापरा, हातातले नाही. व्हर्च्युअल कंट्रोलर आभासी वेळेवर चालतो. जड चित्रामुळे कॉम्प्युटर मंदावला तर स्क्रीनवर रोबो हळू दिसतो, पण कंट्रोलरच्या टायमरमधला आकडा बरोबर असतो. दोन-तीन कंट्रोलर एकत्र चालत असतील तर रोबोस्टुडिओमध्ये ‘टाइम स्लाइस’ निवडा. ‘फ्री रन’मध्ये त्यांची घड्याळे एकमेकांशी जुळून राहत नाहीत.

१०. स्क्रीनवर टूल फिक्स्चरमध्ये घुसलं, तरी कंट्रोलर थांबला नाही. का?

कंट्रोलरला फिक्स्चर माहीतच नसते. खऱ्या रोबोत टक्कर मोटरच्या टॉर्कवरून ओळखली जाते आणि इथे मोटर नाही. थ्रीडी आकार एकमेकांत शिरले का, ते सिम्युलेशन पाहते आणि ती तपासणी वेगळी चालू करावी लागते. टूल-फिक्स्चर, हात-कुंपण, रोबो-रोबो अशा जोड्या नेमून द्या.

नुसत्या स्पर्शाची नव्हे, जवळ येण्याचीही सूचना चालू ठेवा. किती मिलिमीटर? प्रश्न ७ मध्ये तुमच्या सेलचा जो फरक निघाला त्याहून जास्त. होज आणि केबल मॉडेलमध्ये नसतील तर मनगटाभोवती एक जाड सिलिंडर लावून ठेवा, कारण पहिला झटका सहसा तिथेच बसतो.

कोपऱ्यांकडे खास लक्ष द्या. एबीबीचा झोन अंतरात दिलेला असतो. फानुकच्या सीएनटीत (न थांबता कोपरा वळण्याच्या सेटिंगमध्ये) कोपऱ्याची गोलाई वेगावर अवलंबून असते. हळू चालवून पाहिलेला मार्ग पूर्ण वेगात आतून कापू शकतो. म्हणून टक्कर तपासणी नेहमी उत्पादनाच्याच वेगात करा.

११. प्रत्येक पॉइंटवर रोबो पोहोचतो, पण प्रोग्रॅम चालवला की कॉन्फिगरेशनची एरर येते.

एकाच बिंदूवर सहा अक्षांचा रोबो अनेक प्रकारे पोहोचू शकतो. कोपर वर किंवा खाली, मनगट उलटे किंवा सुलटे, अक्षाला एक फेरा जास्त. ती निवड पॉइंटसोबत साठवलेली असते. रॅपिडमध्ये कॉन्फडेटा, केआरएलमध्ये स्टेटस आणि टर्न, फानुकमध्ये ‘एन यू टी, ०, ०, ०’ सारखी अक्षरे. कॅडवरून आपोआप बनवलेल्या पॉइंटमध्ये ही निवड सलग नसली, तर सरळ रेषेत जाताना मनगट मध्येच पलटावे लागते. ते शक्य नसल्याने कंट्रोलर थांबतो.

उपाय म्हणून बरेच जण एबीबीवर ‘कॉन्फएल ऑफ’ लिहून मोकळे होतात. मग रोबो सध्याच्या स्थितीला जवळची रचना घेतो. एरर जाते, पण लांब मार्गावर अक्ष एकाच दिशेने गुंडाळत जाऊन मर्यादेला टेकू शकतो. त्यापेक्षा पहिल्या पॉइंटपासून रचना सलग निवडा आणि मधे एखादा सांध्यांच्या हालचालीचा पॉइंट घाला. कुकात सरळ रेषेच्या हालचालीत स्टेटस आणि टर्न विचारात घेतले जात नाहीत, ते फक्त पीटीपीमध्ये (सांध्यांच्या हालचालीत) लागू होतात. म्हणून प्रोग्रॅमची पहिली हालचाल पीटीपी असते.

पाचवा अक्ष शून्याजवळ आल्यावर चौथा आणि सहावा वेड्यासारखे फिरू लागले, तर ती मनगटाची सिंग्युलॅरिटी. टूल किंवा जॉब १०-१५ अंश तिरपा बसवणे हा तिचा सर्वांत टिकाऊ इलाज, आणि फिक्स्चर कागदावर असेपर्यंत तो फुकट असतो. ‘सिंगएरिया रिस्ट’ किंवा फानुकचे ‘डब्ल्यू जॉइंट’ टूलची दिशा थोडी बदलू देऊन वाट काढतात. सीलर किंवा वेल्डच्या सीमवर मात्र ती बदललेली दिशा चालेल का, हे प्रक्रियावाल्यांना विचारल्याशिवाय वापरू नका.

१२. पीएलसी आणि आयओ यांची चाचणी खऱ्या लाइनशिवाय होते का?

होते, आणि व्हर्च्युअल कंट्रोलरचा सर्वांत कमी वापरला जाणारा फायदा हाच आहे. प्रॉफिनेट किंवा इथरनेट-आयपीवरची उपकरणे नसतात, पण सिग्नलची नावे आणि त्यांच्यावरचे लॉजिक तसेच राहते. सिग्नल हाताने बदलता येतात, किंवा ओपीसी यूए वा तत्सम जोडणीने व्हर्च्युअल पीएलसीला जोडता येतात. सीमेन्सच्या एस-७-१५०० साठी पीएलसीसिम अ‍ॅडव्हान्स्ड आहे.

सगळे सुरळीत चालणारी सायकल एकदा पाहा आणि मग जाणूनबुजून बिघाड करा. जॉब पकडल्याचा सेन्सर येऊ देऊ नका, सायकलच्या मधोमध आपत्कालीन थांबा द्या, पीएलसी बंद करून पुन्हा चालू करा. थांबल्यानंतर रोबो होमला सुखरूप परततो का, ते फिक्स्चर तुटण्याची भीती नसताना तपासायची हीच जागा आहे.

नेटवर्कचा विलंब आणि सिग्नलची धडधड (पटापट चालू-बंद होणे) इथे दिसत नाही, ती प्रत्यक्षातच पाहावी लागते.

१३. सेफ्टी झोन व्हर्च्युअलमध्ये तपासले, तर साइटवर पुन्हा तपासायला हवेत का?

हवेतच. एबीबीच्या सेफमूव्ह किंवा फानुकच्या डीसीएस या सुरक्षा सॉफ्टवेअरचे झोन स्क्रीनवर आखा, मार्ग त्यांच्या आत राहतो का पाहा, वेगाच्या मर्यादा जुळवा. एवढे काम व्हर्च्युअलमध्ये उत्तम होते. पण सुरक्षा कार्य म्हणजे सेन्सर, रिले, ब्रेक आणि थांबण्याचे खरे अंतर. ते प्रत्यक्ष रोबोवर पूर्ण वजनासह आणि पूर्ण वेगात मोजूनच मान्य करायचे असते. आयएसओ १०२१८ नुसार पडताळणी बसवलेल्या सेलवर होते. सेफ्टी कॉन्फिगरेशन बदलले की तिचा चेकसम किंवा सिग्नेचर बदलतो. तो क्रमांक पडताळणीच्या अहवालात लिहून ठेवा.

१४. काम संपल्यावर व्हर्च्युअल कंट्रोलरचा पूर्ण बॅकअप खऱ्या रोबोवर रिस्टोअर केला तर सोपं नाही का?

करू नका. बॅकअप खऱ्याकडून व्हर्च्युअलकडे पूर्ण जातो, उलट दिशेने कधीही नाही.

पूर्ण बॅकअपमध्ये त्या एकाच यंत्राचे आकडे असतात. एबीबीच्या एमओसी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मोटरचे कॅलिब्रेशन ऑफसेट, फानुकच्या सिसमास्ट फाइलमध्ये मास्टरिंग. व्हर्च्युअल रोबोत त्या जागी आदर्श किंवा शून्य किमती असू शकतात. त्या खऱ्यावर गेल्या की रोबो आपण कुठे आहोत हे चुकीचे समजतो आणि होमला जाण्याची साधी आज्ञाही टक्करीत संपू शकते.

उलट दिशेने फक्त प्रोग्रॅम मॉड्यूल, टीपी फाइल किंवा कुकाची एसआरसी-डॅट फाइल जोडी न्या. टूल आणि फ्रेमचे आकडे नेतानाही खऱ्यावर मोजलेले आकडे पुसले जात नाहीत ना पाहा. रॅपिडमध्ये टूलडेटा आणि वर्कऑब्जेक्ट वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवले, तर मार्गाचे मॉड्यूल शंभर वेळा बदलता येते आणि कॅलिब्रेशन शाबूत राहते. लोड करण्याआधी खऱ्या रोबोचा ताजा बॅकअप घेऊन ठेवा.

१५. लाइनवर ऑपरेटरने पॉइंट टच-अप केले. आता खरी प्रत कोणती?

रोबोतली. उत्पादन सुरू झाल्यावर रोबोतला प्रोग्रॅम हाच मूळ मानायचा. पुढच्या बदलाआधी त्यातून ताजी प्रत घ्या, सिम्युलेशनमध्ये आणा आणि मगच हात लावा. जुन्या सिम्युलेशनमधून प्रोग्रॅम पुन्हा चढवला की दुसऱ्या पाळीने रात्री जागून बसवलेले पॉइंट एका क्षणात जातात. ऑफलाइन प्रोग्रॅमरवरचा शॉप फ्लोअरचा विश्वास उडतो तो बहुधा अशाच एका प्रसंगानंतर.

दोन प्रतींची तुलना करून काय बदलले ते पाहणे फार शिकवते. एकाच फिक्स्चरचे बहुतेक पॉइंट एकाच बाजूला हललेले दिसले, तर पॉइंट चुकलेले नव्हते, फ्रेम चुकली होती. प्रश्न ८ कडे परत जा.

१६. ट्रॅक (रोबो सरकवणारा रूळ) किंवा पोझिशनर (जॉब फिरवणारे टेबल) असेल तर वेगळं काय करायचं?

ट्रॅकवर रोबोच्या बेसची दिशा आणि ट्रॅकची दिशा यांचे नाते मोजा. ट्रॅक लांब असेल तर त्याच्या दोन टोकांना तोच जॉब-बिंदू टेकवून फरक पाहा. पोझिशनरचा फिरण्याचा अक्ष टेबलावरचा एक बिंदू चार-पाच कोनांत टेकवून काढतात. तो चुकला तर टेबल स्थिर असताना सगळे छान चालते आणि दोघे एकत्र फिरू लागले की टोक सीमवरून सरकते. दोन रोबो मिळून एकच जॉब उचलत असतील तर त्यांच्या बेसचे परस्पर मोजमाप एकाच संदर्भातून घ्या. जोडीजोडीने मोजत गेलात तर चुका साठत जातात.

१७. कॅमेरा, फोर्स सेन्सर, आर्क सीम ट्रॅकिंग हे सिम्युलेट होतं का?

लॉजिकपुरते. कॅमेऱ्याने दिलेला ऑफसेट तुम्ही स्वतः भरू शकता, आणि भरावाच. सर्वांत टोकाच्या ऑफसेटला रोबो पोहोचतो का, रचना पलटत नाही ना, ग्रिपर बिनच्या भिंतीला लागत नाही ना. प्रकाश, चमक, तेलकट पृष्ठभाग, स्पर्शाचे बळ, आर्कचा विद्युतप्रवाह यांचे वर्तन व्हर्च्युअल कंट्रोलर सांगत नाही. सर्चच्या (जॉब शोधणाऱ्या) ओळींसाठी सिम्युलेशनमध्ये आभासी सेन्सर लावता येतो. जॉब कधीच सापडला नाही तर प्रोग्रॅम काय करतो, ती शाखा त्याने तपासा.

१८. प्रोग्रॅम पहिल्यांदा खऱ्या रोबोवर चालवताना क्रम कसा ठेवावा?

ताजा बॅकअप, मग मॉड्यूल लोड, मग सक्रिय टूल आणि फ्रेमचा क्रमांक डोळ्यांनी वाचून खात्री. नंतर हाती पेंडंट घेऊन हळू मोडमध्ये एक एक ओळ चालवा. या मोडमध्ये वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या आत असतो. पहिल्यांदा जॉबशिवाय, शक्य असेल तर फ्रेम तात्पुरती ५०-१०० मिमी वर उचलून. वर उचललेल्या मार्गालाही वरचे अडथळे असतात, तेव्हा तो आधी सिम्युलेशनमध्ये पाहा.

सगळे पॉइंट हळू मोडमध्ये पाहिल्यावर ऑटोमध्ये कमी ओव्हरराइडवर जा आणि टप्प्याटप्प्याने वाढवा. प्रत्येक टप्प्यावर कोपऱ्यांकडे आणि केबलकडे पाहा, कारण प्रश्न १० मध्ये म्हटल्याप्रमाणे वेगाबरोबर मार्ग बदलू शकतो.

१९. आमचा कंट्रोलर इतका जुना आहे, की त्याचा व्हर्च्युअल कंट्रोलरच मिळत नाही.

उत्पादकाकडे जुने सॉफ्टवेअर विचारा. कधी ते जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते. तेही नसेल तर पुढच्या पिढीच्या कंट्रोलरवर तेच रोबो मॉडेल लावून फक्त पोहोच, टक्कर आणि मांडणी तपासा. सायकल टाइमचा आकडा कुणाला देऊ नका आणि प्रोग्रॅम जसाच्या तसा नेऊ नका. पॉइंटचे निर्देशांक काढून जुन्या भाषेत उतरवा, साध्या सूचनाच वापरा. अशा रोबोंचे मास्टरिंग बऱ्याचदा अनेकदा बदललेले असते, म्हणून प्रश्न ८ मधला फ्रेमचा भाग इथे दुप्पट काळजीने करा.